हात नको लावूस!

फ्रीलान्सर असण्याचा सगळ्यात मोठा तोटा कोणता, माहितीये? ‘तुझं काय बाई, तू घरीच असतेस!’ हे वाक्य. या एका वाक्यावर शेजारच्या काकूंचं कुरिअर, सोसायटीचा टाकी धुणारा माणूस, गॅसचा सिलेंडर... सगळं आपल्याच गळ्यात येतं. त्याची आता सवय झालीये. पण २१ जून २०२३ च्या दुपारी माझ्या मावसभावाने फोनवर हेच वाक्य टाकलं आणि पुढे विचारलं, ‘अकरा अंडी आहेत. दोनेक महिने सांभाळशील?’

‘कोंबडीची?’

‘नाही गं. सापाची.’

हा माझा दादा दिवसा अंबडच्या एका कंपनीत क्वालिटी कंट्रोल करतो आणि उरलेल्या वेळात सर्पमित्र असतो. म्हणजे रात्री अकरा वाजता कुणाच्या बाथरूममध्ये साप निघाला की याचा फोन वाजतो. त्या दिवशी फोन आला होता पाथर्डी फाट्याच्या पुढच्या एका प्लॉटवरून. कधीकाळी तिथे शेत होतं, आता बिल्डिंग होणार होती. जेसीबीने शेणखताचा जुना ढीग उपसला आणि आत लांबट, पांढरी अंडी निघाली. काही फुटली, अकरा शाबूत राहिली. ढिगाचा पत्ताच उरला नव्हता, त्यामुळे ती परत जागेवर ठेवायची सोय नव्हती. दादाच्या घरी दीड वर्षाचं रांगतं बाळ आहे आणि वहिनीने ‘एक तर अंडी, नाहीतर मी’ असं सरळ सांगितलं. मग कोण उरलं? जी घरीच असते ती!

इथे एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे उद्या कुणी उत्साहात बागेतली अंडी उकरायला जायला नको. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या वाचण्यासारखी आहे. पक्ष्यांची किंवा सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी फोडणं तर सोडाच, अंडी किंवा घरटं नुसतं हलवणं, डिस्टर्ब करणं हेही त्यात येतं. म्हणून दादाने आधी वनविभागाला फोन केला, जागेचे फोटो दिले, अंड्यांची नोंद केली आणि त्यांची परवानगी घेतली. अट अशी की पिल्लं निघाली की वनरक्षकांसमोर, त्याच परिसरात सोडायची. हे सगळं झाल्यावरच डबा माझ्या घरी आला.

‘कुठल्या सापाची आहेत?’ हा माझा पहिला प्रश्न. नाग, मण्यार, धामण, दिवड हे सगळे अंडी घालणारे. घोणस आणि फुरसं मात्र थेट पिल्लंच देतात, त्यामुळे ती दोन आपोआप बाद. ढिगाजवळ कात मिळाली होती आणि तिच्यावरच्या खवल्यांवरून दादाचा अंदाज धामणीचा होता. ‘पण कात एकाची आणि अंडी दुसऱ्याची असू शकतात,’ तो शांतपणे म्हणाला. ‘पिल्लू बाहेर येईपर्यंत नागाची आहेत असं समजूनच वागायचं. नागाचं पिल्लू जन्मल्या क्षणापासून विषारी असतं.’ हे आईला सांगायचं नाही, असं आमचं ठरलं.

आता इन्क्युबेटर! हॉस्पिटलमध्ये असतं तसलं काहीतरी भारी मशीन माझ्या डोळ्यांसमोर होतं. दादाने आणलेलं सामान बघून माझा भ्रमनिरास झाला. औषधं येतात तो थर्माकोलचा मोठा खोका, फिशटँकचा शंभर वॅटचा हीटर, दोन विटा, झाकणाला क्लिपा असलेला प्लॅस्टिकचा डबा, नर्सरीतून आणलेलं कोकोपीट आणि एक डिजिटल थर्मामीटर. सगळा खर्च दीड हजाराच्या आत. माझा मागचा वीकेंड याहून महाग पडला होता.

रचना अशी. खोक्याच्या तळाशी चार-पाच बोटं पाणी. पाण्यात पूर्ण बुडेल असा आडवा हीटर, कारण हीटर उघडा पडला तर काच तडकते. पाण्यात विटा आणि विटांवर अंड्यांचा डबा. हीटर पाणी तापवतो, पाणी आतली हवा तापवतं आणि हवेत ओलावाही राहतो. बल्ब लावला असता तर हवा कोरडी झाली असती आणि लाइट गेल्याबरोबर खोका गार पडला असता. पाणी मात्र ऊब धरून ठेवतं. हे साधं फिजिक्स दहावीत शिकले होते, पण उपयोगी पडलं तेव्हा.

कोकोपीट किती ओलं करायचं? मुठीत दाबलं तर गोळा व्हायला हवा, पण पाणी गळता कामा नये. सापाचं अंडं कोंबडीच्या अंड्यासारखं कडक नसतं. कवच चामड्यासारखं मऊ असतं आणि ते आजूबाजूचं पाणी शोषून घेत फुगतं. फार कोरडं झालं तर अंडं सुकतं, फार ओलं झालं तर बुरशी. म्हणून अंडी कोकोपीटमध्ये अर्धीच पुरायची, अर्धी उघडी. एकमेकांना चिकटलेली असतील तर सोडवत बसायचं नाही. डब्याला थोडी भोकं आणि वर तिरकी काच, म्हणजे वाफेचं पाणी काचेवरून बाजूला ओघळेल, अंड्यांवर टपकणार नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक अंड्याच्या माथ्यावर पेन्सिलने हलकी फुली.

‘फुली कशाला?’

‘वरची बाजू वरच राहिली पाहिजे. शेवटपर्यंत. म्हणून सांगतो, हात नको लावूस!’

खोका एक अख्खा दिवस रिकामाच चालवून बघितला. तोवर अंडी खोलीतच राहिली, कारण त्या वर्षी मान्सून लांबला होता आणि नाशिकची खोलीच तेव्हा २९-३० अंश होती. मग अंडी आत गेली, झाकणाला दोरी बांधली आणि खोका माझ्या वर्किंग टेबलखाली ठेवला.

दोन दिवसांत सिन्नरचे मामा आले. त्यांची पोल्ट्री आहे, त्यामुळे अंडी या विषयावर त्यांच्यासमोर बोलायची आमची टाप नाही. थर्मामीटरवर २९ बघून ते हादरलेच. ‘अगं, ही मरतील! साडेसदतीस लागतं. आणि दिवसातून तीन-चार वेळा फिरवतेस की नाही?’

मी घाबरून दादाला फोन लावला. तो फोनवरच ओरडला, ‘मामांना चहा दे आणि खोक्यापासून लांब बसव!’

गंमत अशी की मामांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं, फक्त कोंबडीसाठी. कोंबडी आपली अंडी चोचीने सतत फिरवते, नाहीतर आतला जीव कवचाच्या पापुद्र्याला चिकटतो. सापाच्या अंड्यात नेमकं उलटं. तिथे सुरुवातीच्या दिवसांतच गर्भ वरच्या बाजूला स्थिरावतो आणि त्याच्या श्वासाचा पापुद्रा कवचाला लागतो. नंतर अंडं उलटलं तर हे नाजूक काम फाटू शकतं. आणि साडेसदतीस अंशात धामणीची अंडी चक्क शिजली असती. त्यांना २८ ते ३० पुरतं. थोडं गार झालं तर वाढ मंदावते, पण तापलं तर संपलंच.

मग साप स्वतः काय करतात? बहुतेक जण जागा नीट निवडतात आणि निघून जातात. शेणखताचा ढीग म्हणजे निसर्गाने फुकट दिलेला इन्क्युबेटर. कुजणाऱ्या खताची ऊब आणि आतला ओलावा, दोन्ही आयतं. पण अजगराची मादी याच्या पुढे जाते. ती अंड्यांभोवती वेटोळं घालून बसते आणि थंडी वाढली की स्नायू आखडून अंग थरथरवते. त्यातून ऊब तयार होते आणि ती अंड्यांना मिळते. थंड रक्ताचा प्राणी स्वतःचा हीटर चालवतो म्हणजे काय! १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स झूमध्ये शास्त्रज्ञांनी भारतीय अजगराच्या जातीच्या मादीवर हे मोजून दाखवलं. दीड हजार रुपयांत आम्ही जे बनवलं, ते ती बाई काही महिने उपाशी राहून करते.

दादाला या अंड्यांचं वेड लागलं ते वेळासला. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातलं हे किनाऱ्यावरचं गाव. तुमच्यापैकी किती तरी जण कासव महोत्सवाला तिथे जाऊन मोदक खाऊन आले असाल. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने २००२ पासून तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायला सुरुवात केली. त्याआधी त्या अंड्यांवर माणसं आणि कुत्री-कोल्हे, सगळेच टपलेले असायचे. तिथलं तंत्र बघा. घरट्यातली शंभरेक अंडी वेळ न घालवता काढायची, जाळीच्या कुंपणात तशाच खोलीचा, तशाच सुरईच्या आकाराचा खड्डा करायचा, अंडी त्यात ठेवायची आणि वाळूने बुजवायचं. झालं. वीज नाही, हीटर नाही. बाकीचं काम सूर्य आणि वाळू करतात. माणसाचं काम फक्त राखण.

आणि तापमानाचा खेळ नुसता जगण्या-मरण्याचा नाही. कासवांमध्ये पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूचं तापमान ठरवतं. साधारण २९-३० अंशांच्या आसपास दोन्ही निघतात, त्याहून गरम झालं तर माद्या, गार झालं तर नर. मगरीचं गणित आणखी वेगळं. रॉम्युलस व्हिटेकर यांनी १९७६ मध्ये सुरू केलेल्या मद्रास क्रोकोडाइल बँकेत १९८० च्या दशकात आपल्या मगरीची अंडी वेगवेगळ्या तापमानाला उबवून बघितली. साडेबत्तीसच्या जवळपास नर जास्त, त्याहून बरंच कमी असेल तर माद्या. म्हणजे अर्ध्या-एका अंशाने अख्ख्या पिढीचं भविष्य बदलतं! २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातून बातमी आली होती, आठवतंय? ग्रेट बॅरिअर रीफच्या उत्तरेकडच्या किनाऱ्यांवर जन्मलेल्या हिरव्या कासवांच्या पिल्लांमध्ये ९९ टक्क्यांहून जास्त माद्या सापडल्या. वाळू तापत चाललीये. सापांमध्ये हे आपल्यासारखं गुणसूत्रांवर ठरतं, त्यामुळे माझ्या टेबलखाली तेवढं एक टेन्शन नव्हतं.

बाकीची भरपूर होती. पहिला आठवडा मी दर अर्ध्या तासाने थर्मामीटर बघत होते. २९.१. २९.०. २९.२. मेल रिफ्रेश करतो ना आपण, तसंच. आपल्याला सवय काय, तर एक बटण दाबलं की काहीतरी झालं पाहिजे. इथे काहीच होत नव्हतं. उलट झाकण उघडलं की ऊब जायची, ओलावा जायचा. म्हणजे मी जितकी काळजी घेणार तितकं नुकसान होणार!

आणि बाराव्या दिवशी मी ते केलंच.

अंधार करून अंड्याला बाजूने टॉर्च लावला तर आतल्या लाल शिरा दिसतात, असं दादाने सांगितलं होतं. न उचलता बघायचं, हेही सांगितलं होतं. मी बघितलं. दहा अंड्यांमध्ये लाल जाळं, एकात नुसता पिवळट उजेड. तो फोटो मला हवा होता. स्टेटसला टाकायला, आणखी कशाला? डब्यात हात बसेना म्हणून मी एक अंडं उचललं. फोटो मस्त आला. भरपूर लाइक्सही मिळाले. दोन दिवसांनी पुन्हा डबा उघडला तेव्हा लक्षात आलं की एका अंड्याची फुली वर नाहीये. खालच्या अंगाला गेलीये.

मी ते परत फिरवलं नाही. तेवढी अक्कल उरली होती. दादाला सांगितलं तेव्हा तो रागावला नाही. ‘बघू’ एवढंच म्हणाला. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ते अंडं पिवळं पडलं, खचलं, त्यावर बुरशी आली. पहिलं पिवळट अंडंही तसंच गेलं, पण ते मुळातच फळलेलं नव्हतं. ‘उलटल्यामुळेच गेलं असं सांगता येत नाही. एखादं तसंही जातं,’ दादा म्हणाला. मला बरं वाटावं म्हणून म्हणाला असेल. फोटो मी डिलीट केला. पण लाइक्स मोजताना वाटलेला आनंद काही डिलीट होत नाही.

त्यानंतर मात्र हात बंद. आठवड्यातून एकदा, तेही दादासमोर झाकण उघडायचं. जुलैत पाऊस लागला, रात्री बावीस-तेवीस अंशांवर आल्या आणि हीटरला खरं काम मिळालं. एका रात्री लाइट गेली ती सात तास. मी खोक्याला जुनी गोधडी गुंडाळून शेजारी बसून राहिले. सकाळी थर्मामीटर २६.५ दाखवत होता. पाण्याने शब्द पाळला होता.

त्या वर्षी श्रावणही दोन होते, आधी अधिक आणि मग निज. एव्हाना आईला खोक्याची सवय झाली होती. येता-जाता ‘किती झालं गं?’ विचारायची, दूध तापलं का विचारावं तशी. नागपंचमी २१ ऑगस्टला आली. त्या दिवशी आमच्याकडे चिरत नाहीत, तळत नाहीत, तवा ठेवत नाहीत आणि जमीन खणत नाहीत. आईने पाटावरच्या नागाची पूजा केली आणि नेहमीची कहाणी सांगितली. शेतकरी नांगर धरतो, फाळ वारुळात शिरतो आणि नागिणीची पिल्लं मरतात. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट. पण त्या दिवशी आई मध्येच थांबली, टेबलखाली बघत म्हणाली, ‘म्हणजे ही जेसीबीचीच गोष्ट की गं!’

आम्ही मोठ्या लोकांनी त्या कहाणीतून पुरणाची दिंडं तेवढी घेतली. खणू नका हा भाग एका दिवसापुरता ठेवला.

पूजा झाल्यावर आईने खोक्यालाही हळदकुंकू लावलं. मी हळूच डोकावले तर नऊच्या नऊ अंडी पिचकलेली, खोलगट झालेली. माझं धाबं दणाणलं. सगळी गेली? दादा फोनवर हसत होता. ‘अगं, वेळ जवळ आली की अशीच बसतात. आता तर अजिबात हात लावू नकोस.’

२३ ऑगस्टच्या संध्याकाळी अख्खी बिल्डिंग टीव्हीसमोर होती. चांद्रयान-३ उतरत होतं. सहा वाजून गेले, टाळ्या झाल्या, खाली कुणीतरी फटाके लावले आणि मी सहज टेबलखाली वाकून बघितलं. एका अंड्यावर ब्लेडने मारावी तशी बारीक चीर. पिल्लाच्या नाकाच्या टोकाला तेवढ्याच कामासाठी एक दात असतो. काही दिवसांत तो गळूनही पडतो. चिरेतून एक इवलंसं डोकं आलं, जीभ लपलपली आणि थांबलं. तासभर थांबलं. रात्रभर थांबलं! मला वाटलं अडकलंय. दादा म्हणाला, ‘आतलं उरलेलं बलक पोटात घेतंय. ओढून काढलंस तर मरेल.’ इथेही करायचं काय, तर काहीच नाही.

गोल मोठा डोळा, करडं-तपकिरी अंग, फणा नाही. धामणच होती. त्या रात्री मी आईला खरं काय ते सांगितलं. पुढचे दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

तीन दिवसांत नऊ पिल्लं बाहेर आली, एकेक फुटाहून लांब. २७ तारखेला वनरक्षकांसोबत आम्ही प्लॉटपासून जवळच्या एका ओढ्याकाठी गेलो. डबा आडवा केला आणि गवत हललं. बस. निरोपाचा सीन वगैरे काही नाही. यातली किती मोठी होतील? फार थोडी. शिक्रा आहे, मुंगूस आहे, रस्ता आहे आणि ‘धामण गायीच्या पायाला विळखा घालून दूध पिते’ म्हणणारी माणसं तर आहेतच. दूध तिला पचतही नाही. ती खाते उंदीर, आणि शेतकऱ्याला दुसरं काय हवं असतं? जेसीबीवाल्या दादांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘आधी माहीत असतं तर ढीग दुपारनंतर उपसला असता.’ त्यांचं बरोबर आहे. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

खोका आता माळ्यावर आहे. त्याच्यावरचं हळदकुंकू पुसलेलं नाही. मी घरीच असते, त्यामुळे तो पुन्हा कधीही खाली येऊ शकतो. पण खरं सांगू? तो तिथेच रिकामा पडून राहावा असं मला मनापासून वाटतं. शेणखताचा ढीग त्याच्यापेक्षा जास्त चांगलं काम करतो, आणि फुकटात.

सापाची अंडी दिसली तर...
• जागा सुरक्षित असेल तर झाकून ठेवा आणि लांब व्हा. तिथलं ऊन-पाणी मादीने बघूनच निवडलेलं असतं.
• जागा उद्ध्वस्त झाली असेल तर वनविभागाच्या १९२६ या टोल-फ्री नंबरवर फोन करा. अंडी स्वतः घरी नेऊ नका.
• मदत येईपर्यंत अंडी उचलू नका, फिरवू नका, धुऊ नका. वरून सावली करा.
• कुठलीही अंडी ‘बिनविषारीच असतील’ असं धरून चालू नका.
• आणि फोटो? लांबून!